बाईंचं अ‍ॅव्हरेज

आमच्या बाईंच्या पर्समध्ये कंगवा, पावडर, देवाचा फोटो असलं काहीही नसायचं. एक ताणकाटा असायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच, स्प्रिंगचा, खाली हूक असलेला. निवृत्त होताना शाळेने शाल आणि नारळ पुढे केला तेव्हा बाई मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "शाल राहू द्या, ताणकाटा द्या." कोपर स्टेशनबाहेरचे भाजीवाले त्या काट्याला ओळखून होते. बाई लांबून येताना दिसल्या की एक जण वांग्यांत आपणहून एक वांगं जास्त टाकायचा. बाई ते काढून त्याच्या टोपलीत परत ठेवायच्या. "जास्त पण नको. चूक ती चूक."

आठवी ते दहावी त्यांनी मला विज्ञान शिकवलं. रागावल्या की त्या मुलांना अहोजाहो करायच्या. एकदा मागच्या बाकावरच्या माझ्या मित्राला म्हणाल्या, "आपण वर्गाबाहेर उभे राहता, की मी राहू?" तो बावळट म्हणाला, "तुम्ही राहा." बाई खरंच बाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि उरलेला तास त्यांनी व्हरांड्याच्या खिडकीतून शिकवला. मुख्याध्यापक राउंडला आले, म्हणाले, "बाई, तुम्ही इथे?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मला बाहेर काढलंय." त्या मित्राची पुढे मागच्या बाकावर बसायची हिंमत झाली नाही. तो आजही कुठल्या कार्यक्रमाला गेला की पहिल्या रांगेत बसतो.

त्यांचा एकच प्रश्न असायचा. कोणी मोजलं? टूथपेस्टने दात किती पटीने मजबूत होतात, कोणी मोजलं? या तेलाने केसगळती थांबते, कोणी मोजलं, कोणाच्या डोक्यावर? पाठ्यपुस्तकालाही त्या हेच विचारायच्या, त्यामुळे आमचा पोर्शन कधी वेळेत संपला नाही. स्वतः मोजलेलं सगळं त्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला लिहायच्या. "लग्न टिको न टिको, कागद चांगला असतो," म्हणायच्या. बुद्धपौर्णिमेला बिल्डिंगमध्ये खीर वाटायच्या तीसुद्धा बीकरने. म्हणजे पहिल्या मजल्याला जास्त आणि चौथ्याला कमी, अशी कुरबूर नको.

त्यामुळे बिल्डिंगमध्ये कोणी काहीही घ्यायचं म्हटलं की आधी बाईंना विचारायचं, अशी पद्धतच पडलेली. मिक्सर, इन्व्हर्टर, गादी, काहीही. डोंबिवलीतल्या एका फ्रिजवाल्याला त्यांच्या शेजाऱ्याने पत्ता सांगितला, तर तो म्हणाला, "त्या बाई राहतात तीच बिल्डिंग का? मग आधीच सांगतो, याचा कॉम्प्रेसर आवाज करतो."

बाईंकडे स्वतःची गाडी नव्हती. तरी गाड्यांबद्दल त्या अधिकाराने बोलायच्या. मी एकदा हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवलेलं. "गाडी नाही म्हणूनच मला बोलता येतं," त्या म्हणाल्या. "ज्यांनी घेतलीय ते खरं सांगतील का? त्यांना अजून हप्ते भरायचेत."

या सगळ्याचा फायदा उठवायचं माझ्या डोक्यात आलं ते शोरूमला लागल्यावर. बी.कॉम. करून मी तीन ठिकाणी चिकटून तीनही ठिकाणांहून सुटलेलो. शेवटी मानपाड्याजवळ, शीळ रोडवरच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्सला लागलो. नेमकी त्याच वेळेस कंपनीने परवडणारी हायब्रिड आणलेली. म्हणजे पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटरही, पण चार्जिंगला लावायची भानगड नाही. शोरूमवर मोठा बॅनर, 'सामान्य माणसाची हायब्रिड'. सामान्य माणूस यायचा, एसीत बसायचा, फुकट कॉफी प्यायचा आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जायचा. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. "महिनाअखेर तीन बुकिंग आण. नाहीतर तुझा प्रोबेशन संपला आणि तू पण."

तीन बुकिंग! मला एकदम बाई आठवल्या. एक बाई पटल्या की अख्खी बिल्डिंग पटते. स्वतः न बदलता दुसऱ्यांत बदल घडवून आणणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, हे मला बाईंनीच शिकवलेलं.

मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाई तळमजल्यावर राहायच्या. दार काकांनी उघडलं, म्हणजे बाईंच्या मिस्टरांनी. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, नव्वद किलोचा, दोन्ही गुडघे गेलेला हसरा माणूस. त्यांनी पेढ्यांकडे ज्या नजरेने बघितलं त्या नजरेने मॅनेजरने कधी कस्टमरकडे बघितलं नसेल. पण डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलेलं आणि बाईंनी डॉक्टरांपेक्षा जास्त. पेढे थेट फ्रिजवर गेले, बुद्धमूर्तीच्या मागे.

बाईंनी ब्रोशर चष्मा वर करून वाचलं. अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर बोट ठेवून मला म्हणाल्या, "कोणी मोजलं?"

"बाई, कंपनीने."

"मोजताना एसी चालू होता? गाडीत माणसं किती? त्यातला एक तरी आमच्या ह्यांच्याएवढा?"

"तेच म्हणतोय बाई, तुम्हीच मोजा ना."

मासा गळाला लागला. त्यांनी तिथल्या तिथे अटी सांगितल्या. रविवार नको. "रविवारी सकाळी सात वाजता बैलगाडी पण चांगलं अ‍ॅव्हरेज देते. कामाच्या दिवशी, संध्याकाळी सहाला." गाडीत पाच माणसं, डिकीत तांदळाची गोण, एसी चालू. टाकी काठोकाठ भरून निघायचं, मानपाड्याहून पत्रीपूल, पुढे दुर्गाडी, तसंच परत. आल्यावर त्याच पंपावर त्याच पॉइंटला परत काठोकाठ भरायची. जेवढं बसेल तेवढं गाडीने खाल्लं.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मॅनेजरची सक्त ताकीद होती की टेस्ट ड्राइव्हच्या आधी बॅटरी फुल पाहिजे. गाडी आधी थोडी फिरवायची, मग इंजिन चालू ठेवून उभी करायची, की स्क्रीनवरच्या बॅटरीच्या कांड्या सगळ्या भरतात. "हायब्रिड विकायची नसते, शांतता विकायची असते," तो म्हणायचा. "कस्टमर गाडीत असेपर्यंत इंजिनचा आवाज आला नाही पाहिजे." मी त्या दिवशीही तेच केलं. सवयीने केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

सहाच्या ठोक्याला बाई टीम घेऊन हजर. काका, पहिल्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि चौथ्या मजल्यावरची नर्स, जी ठाण्याच्या एका हॉस्पिटलात होती आणि रोज स्कूटरवरून जाऊन-येऊन करायची. डिकी उघडल्यावर बाईंना कळलं की बॅटरीने तिथली बरीच जागा खाल्लीय. तांदूळ बसला. बाईंनी पत्रिकेच्या मागे लिहिलं, "गावाला जाताना एक माणूस किंवा एक बॅग घरी ठेवावी लागेल." काका मागच्या सीटवर बसले तेव्हा लिहिलं, "मागची सीट खाली. गुडघेवाल्यांनी आधी बसून बघावं. नंतर उठून बघावं."

शीळ रोडने आम्हाला निराश केलं नाही. अर्ध्या तासात आम्ही एवढं अंतर कापलं की मागे वळून बघितलं तर बॅनर दिसत होता. पण जॅममध्ये या गाडीचं इंजिन बंदच राहतं, गाडी बॅटरीवर आवाज न करता सरकते. बाई खूश होत चाललेल्या. मागे वळून बँकवाल्यांना म्हणाल्या, "ब्रेक मारला की वेग जातो कुठे? नेहमीच्या गाडीत तापून वाया. हिच्यात तो परत बॅटरीत जातो. रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात."

पत्रीपुलाच्या अलीकडे आम्ही ठार अडकलो. पुढची रिक्षा दोन हात सरकली, मी अजून सरकवायची होती. मागच्या रिक्षावाल्याने कान लावून ऐकलं. इंजिनचा आवाज नाही. तो उतरून खिडकीशी आला.

"काय शेठ, बंद पडली का?"

"नाही रे, हायब्रिड आहे."

"तेच म्हणतो, नवीन गाड्या लवकर पडतात," असं म्हणून त्याने बाजूच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि दोघांनी मागून गाडी ढकलायला सुरुवात केली. बाईंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. "अहो, ढकलू नका! माझं रीडिंग चुकतंय! सोडा गाडी!" रिक्षावाले घाबरून मागे झाले. त्यातला एक नंतर दुर्गाडीपर्यंत आमच्या बाजूने चालला होता आणि दर सिग्नलला हात जोडत होता.

परत येईस्तोवर काळोख पडलेला. पंपावर टाकी भरली. बाईंनी पत्रिकेवर भागाकार केला. मग परत केला. मग बँकवाल्यांना करायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा बाईंचा आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त आलेला.

बाईंचा चेहरा मी त्या आधी तसा कधी बघितला नव्हता. लहान मुलीसारखा झालेला. "म्हणजे एवढी वर्षं ज्या रस्त्याने आपल्याला खाल्लं," त्या म्हणाल्या, "त्या रस्त्यावर ही गाडी उपास करते!"

माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. निघताना सगळ्या भरलेल्या कांड्या आता दोनच उरलेल्या. म्हणजे आम्ही बराच रस्ता आधी साठवलेल्या विजेवर आलेलो आणि ती वीज तयार करायला जाळलेलं पेट्रोल बाईंच्या हिशेबात कुठेच नव्हतं. हे कळायला विज्ञानात पस्तीस मार्क पुरतात. मला ऐंशी होते. बाई चष्मा सावरत पुढे वाकल्या, बहुतेक किलोमीटर परत बघायला. मी बटण दाबून गाडी बंद केली. स्क्रीन काळी झाली.

दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या नोटीस बोर्डवर बाईंच्या अक्षरात लागलं, "घेण्यास हरकत नाही." त्यांच्याकडून एवढं कौतुक त्या आधी फक्त प्रेशर कुकरला मिळालेलं. आठवड्यात तीन बुकिंग झाली. बँकवाले, दुसऱ्या मजल्यावरचं नवीन लग्न झालेलं जोडपं आणि नर्स. शोरूमच्या भिंतीवर माझा फोटो लागला. मॅनेजरने केक आणला, माझ्या नावातलं एक अक्षर चुकवून.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. नंतर काकांनी मला त्यामागची हकीगत सांगितली. त्या सकाळी काका खुशीत बाईंना म्हणालेले, "आज बिल्डिंगची मोटर दिवसभर लावली नाही, तरी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. वीज वाचली बघ." बाई भांडी विसळत होत्या. म्हणाल्या, "वाचली कसली? गच्चीवरची टाकी काल भरलेली होती." आणि हातातलं भांडं तसंच धरून उभ्या राहिल्या. काका म्हणाले, नळ चालू होता आणि ती तो बंद करत नव्हती, तेव्हाच मी समजलो काहीतरी भयंकर झालंय.

फोनवर बाईंनी नमस्कारही घेतला नाही. "त्या दिवशी निघताना बॅटरीच्या कांड्या किती होत्या?"

मी शोरूममध्ये माझ्याच फोटोखाली उभा होतो. "आठवत नाही बाई."

त्या म्हणाल्या, "बरं. परत मोजू."

मी मॅनेजरला कस्टमरच्या घरी जाऊन दाखवायचीय असं सांगून गाडी बाहेर काढली. या वेळेला बाईंनी कांड्या अर्ध्यावर असताना टाकी भरून घेतली, ठाण्याला तीन हात नाक्यापर्यंत जाऊन परत आणली आणि कांड्या पुन्हा बरोब्बर अर्ध्यावर आल्या तेव्हाच पंपावर थांबवली. त्यासाठी आम्ही शेवटी शीळ फाट्याला दोन चकरा जास्त मारल्या. आकडा आला तो कंपनीपेक्षा बऱ्यापैकी कमी. तसा वाईट नव्हता. साध्या पेट्रोल गाडीपेक्षा कितीतरी चांगला होता. पण पहिल्या पत्रिकेवरचा तो नव्हताच.

"चल," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"तीन घरं आहेत."

बिल्डिंगला लिफ्ट नाही. पुढे बाई, मागे मी आणि माझ्या मागे, का कोण जाणे, काका. "तुम्ही कशाला येताय, गुडघे?" बाई म्हणाल्या. "असंच," काका म्हणाले आणि कठडा धरून चढू लागले.

पहिल्या मजल्यावर बँकवाल्यांनी दार उघडलं. बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. "माझी मोजणी चुकली. बॅटरी धरायची राहिली. मी चुकले. खरा आकडा हा. तुमचं जाणं-येणं रविवारचं, हायब्रिडचे जादा पैसे तुमच्या हयातीत वसूल होणार नाहीत." बँकवाल्यांना आपल्या हयातीचा उल्लेख आवडला नाही, पण बुकिंग रद्द करायला कारण मिळालं म्हणून ते मनातून सुटल्यासारखे दिसले. गाडी त्यांच्या बायकोला हवी होती. दुसऱ्या मजल्यावर तेच. "मी चुकले." जोडप्याने एकमेकांकडे बघितलं. त्यांना हवा तो रंग मिळत नव्हताच, तेही सुटले.

चौथ्या मजल्यावर नर्स नुकती ड्युटीवरून आलेली, हेल्मेट हातातच होतं. बाईंनी मोजणी चुकल्याचं आणि खरा आकडा सांगितला, पण 'मी चुकले' म्हणायच्या आतच ती अगदी साधेपणाने म्हणाली, "बाई, तुम्ही पण चुकता? मग आम्ही कोणाला विचारायचं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच प्रश्न पडलेला. बेचाळीस मुलांसमोर जिला कधी शब्द कमी पडला नाही ती बाई त्या जिन्यात खाली बघत उभी होती. त्यांच्या पांढऱ्या वेणीचा गाठ मारलेला शेंडा मला दिसत होता.

"बाई नाही चुकल्या," मी म्हणालो. "बॅटरी मी आधीच भरून ठेवलेली. शेवटी स्क्रीन पण मीच बंद केली. मला माहीत होतं."

नर्सने माझ्याकडे बघितलं, हॉस्पिटलात स्वतःच नळी उपसून टाकणाऱ्या पेशंटकडे बघतात तसं. मग ती बाईंना म्हणाली, "नवीन आकडा किती म्हणालात?" बाईंनी सांगितला. तिने मनात काहीतरी जुळवलं. "रोज जाताना दीड तास, येताना दीड तास, तो पण सगळा जॅममध्ये. मला एवढा पण पुरे. माझं बुकिंग राहू द्या." आणि माझ्याकडे न बघता, "गाडी याच्याकडनंच घ्यावी लागते का?"

खाली उतरताना मी म्हणालो, "सॉरी बाई."

बाई दोन पायऱ्या पुढे होत्या. थांबल्या, पण वळल्या नाहीत. "आपण मध्ये कशाला बोललात? आपल्याला कोणी विचारलं होतं?"

अहोजाहो. म्हणजे संपलंच.

"चूक माझीच होती," त्या म्हणाल्या. "सेल्समन गाडी दाखवतोय म्हटल्यावर तो फसवणार हे धरून मोजायला हवं होतं. मी तुला विद्यार्थी धरलं."

त्या पुढे उतरून गेल्या. मी तिसऱ्या मजल्यावर बराच वेळ कठड्याला टेकून उभा राहिलो. काका माझ्या बाजूने एकेक पायरी उतरत गेले आणि जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती सांत्वनाची वाटली.

दुसऱ्या दिवशी दोन बुकिंग रद्द झाली आणि मॅनेजरने कारण विचारलं. मी जे होतं ते सांगितलं. त्याला राग नाही आला, कीव आली. "तुला हा खरं बोलायचा किडा कधीपासून रे?" तो म्हणाला. महिनाअखेरीला भिंतीवरचा फोटो उतरला आणि त्याच्या मागोमाग मी. पुढे मी विम्याच्या कंपनीत लागलो. ठोकलेल्या गाड्या बघून किती नुकसान झालं ते ठरवायचं काम. तिथे सगळेच खोटं बोलतात, त्यामुळे कोणाला विद्यार्थी धरायचा प्रश्न येत नाही.

नोकरी गेल्याचं बाईंना कोणी सांगितलं माहीत नाही. एक दिवस फोन आला. "रविवारी जेवायला ये. वेळेवर ये."

मी दहा मिनिटं आधी जाऊन बिल्डिंगखाली थांबलो आणि वेळेवर बेल वाजवली. बाईंनी मटण केलेलं. मला अरेतुरे करत होत्या. जेवताना गाडीचा विषय निघाला तो नर्सच्या गाडीचा. ती आली होती, खाली उभी होती, बाईंची तिच्या टायरमधली हवा तपासून झालेली. "गाडी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "जो रोज अडकतो त्याने घ्यावी. जो मिरवायला घेतो त्याने सोनं घ्यावं." बाकी त्या दिवसाबद्दल अवाक्षर नाही. फक्त मी नको नको म्हणत असताना ताटात अजून दोन फोडी पडल्या.

बाई आत भांडी ठेवायला गेल्या तशी काकांनी मला गॅलरीत यायची खूण केली. गॅलरीचं दार त्यांनी हळूच लोटलं आणि बनियनच्या आतून कागदात गुंडाळलेला एक पुडा काढला. आत चार पेढे. बहुतेक चालताना दाबले गेलेले.

"घे."

"कशाचे, काका?"

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," काका कुजबुजले. "भाजी खारट झाली तर मीठ खारट होतं. ट्रेन चुकली तर टाइमटेबल चुकलेलं. आणि त्या दिवशी, बाबा, एका संध्याकाळी दोनदा! 'मी चुकले.' स्वतःच्या तोंडाने! मी काय उगाच चढलो चार मजले या गुडघ्यांनी?" त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलेलं. "चौथ्या मजल्यावर तिसऱ्यांदा ऐकायला मिळालं असतं. तू मध्ये बोललास."

"सॉरी काका."

"जाऊ दे. दोनदा पण पुष्कळ झालं." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तुझी नोकरी गेली ते वाईट झालं. पण तुझे उपकार आहेत माझ्यावर."

"काय खाताय दोघं तिकडे?" आतून बाईंचा आवाज आला.

काकांनी अख्खा पेढा एकदम तोंडात टाकला. आता त्यांना बोलता येणं शक्य नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या विनवणीने माझ्याकडे आजवर एकाही कस्टमरने बघितलेलं नाही.

"काही नाही बाई," मी म्हणालो. "हवा खातोय."

हे मात्र मी अजून कबूल केलेलं नाही.